पिवळी तीट

घराकडे येणारा चढ चढताना अण्णांची गाडी अशी धापा टाकायची की पायी चालणारी माणसं तिला मागे टाकून पुढे जायची. एकदा तर एका बाईने जाता जाता काचेवर टकटक करून विचारलं, "ढकलू का जरा?" अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. संध्याकाळी म्हणाले, "इंजिन बदलायचं. टर्बोचं बसवायचं."

गाडी विकायचा विषय घरात कोणी काढत नसे. मुलाने एकदा काढला होता. "अण्णा, या म्हातारीला आता निरोप द्या," म्हणाला, तर त्याची आई, म्हणजे सुनेच्या सासूबाई, आतून म्हणाल्या, "मग पुढचा नंबर माझाच म्हणायचा." तो विषय तिथेच संपला.

अण्णा बसच्या डेपोत मेस्त्री होते. निवृत्त झाले तरी हातांना ते कळलं नव्हतं. मदतीला होती सून. मुलाला पाना आणि पक्कड यातला फरक सांगावा लागायचा, पण सून दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावर होती, आणि केसाएवढं अंतर तिच्या नजरेतून सुटत नसे. अण्णांच्या तोंडातली कवळीही तिनेच केलेली. "तुझं नि माझं काम एकच गं," ते म्हणत. "जुन्या जबड्यात नवे दात बसवायचे. माप चुकलं की आयुष्यभर टोचणार."

इंजिन आणलं भंगारशेठकडून. हा अण्णांचा जुना दोस्त. गावाबाहेर त्याच्या आवारात मोडक्या गाड्यांचे ढीग होते, आणि त्या ढिगांच्या मधोमध खुर्ची टाकून तो राजासारखा बसायचा, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणत. अपघातात मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन त्याने अण्णांसाठी बाजूला ठेवलं होतं.

टर्बो म्हणजे काय, तर एका लहानशा दांडीच्या दोन टोकांना दोन भिंगऱ्या. इंजिन जो धूर बाहेर टाकतं त्याच्या झोताने एक भिंगरी फिरते. तिच्यामुळे दुसरी फिरते, आणि ती बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरते. हवा जास्त, तर जोर जास्त. वाया जाणाऱ्या वाऱ्याला कामाला लावायची ही युक्ती. फक्त ती दांडी इतक्या वेगाने फिरते की तिला सतत तेलाची धार लागते. तेल तुटलं की भिंगरी गेलीच.

इंजिन आणलं त्या दिवशी शेठने डोळे मिटले, भिंगरीच्या टोकाला बोट लावलं, हळूच खालीवर हलवून पाहिलं आणि म्हणाला, "ठणठणीत आहे, मेस्त्री. घेऊन जा."

"लिहून देतोस?"

"माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. बोट लावलंय ना? पुरे."

शेठचं बोट म्हणजे शब्द होता. आसपासच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ते माहीत होतं.

मग काम सुरू झालं. हात राखून खर्च करायचा होता, त्यामुळे नवीन काही घ्यायचंच नाही असं ठरलेलं. इंजिनाला टेकू लागतात ते अण्णांनी जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्या कापून केले. हवेची नळी दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या नळ्या जोडून झाली. तेलाच्या बोल्टाखाली तांब्याचे वायसर असतात. जुने वायसर कडक होतात, आणि कडक वायसर तेल अडवत नाही. ते गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात. सासूबाईंनी शेगडीवरचं ते बघितलं.

"आज काय शिजतंय?"

"वायसर," सून म्हणाली.

"मीठ टाक हो चवीपुरतं. यांना अळणी चालत नाही."

अण्णांची कामाची एक पद्धत होती. बोल्ट आधी हाताने बसवायचा, मग पान्याने शेवटचं आवळायचं, आणि आवळून झालं की त्याच्या डोक्यावर रंगाचा एक ठिपका द्यायचा. अण्णा त्याला तीट म्हणत. "घट्ट बोल्टाला दृष्ट लागते," हे त्यांचं स्पष्टीकरण. खरं कारण साधं होतं. दोन माणसं एका इंजिनावर काम करतात तेव्हा कोणता बोल्ट झाला, कोणता राहिला, हे विचारत बसावं लागू नये. तीट दिसली की दुसऱ्याने तिथे पाना लावायचा नाही. लावला तर तो पहिल्याचा अपमान. डेपोत यावरून भांडणं झालेली त्यांनी पाहिली होती.

रंग म्हणून सुनेने आपली पिवळ्या नेलपॉलिशची बाटली दिली होती. कुणीतरी भेट दिलेली. तो पिवळा लावून कुठे जाता आलं नसतं, बोल्टालाच शोभला.

टर्बो बसवायच्या दिवशी त्या बाटलीतलं पॉलिश आळलं. सुनेने त्यात थोडा थिनर टाकला, तेव्हा ते जरा वेळ सरसरीत झालं. पुन्हा आळायच्या आत उरकावं म्हणून तिने टर्बोच्या सगळ्या बोल्टांना एकदमच तीट लावून टाकली, आणि मग एकेक आवळत गेली. आधी तीट, मग पाना. आयुष्यात पहिल्यांदाच असं उलटं केलं. मध्येच कामावरून फोन आला. कुणाच्या तरी कवळीतला दात निघाला होता. ती हात पुसत बाहेर गेली, बोलली, परत आली. पाना उचलताना क्षणभर तिच्या मनात आलं, तेलाच्या नळीचा बोल्ट झाला होता का? तिने वाकून पाहिलं. पिवळा ठिपका चमकत होता. झालाय की, असं म्हणून तिने पाना खाली ठेवला.

तिचीच तीट तिला फसवून गेली.

गाडी चालू झाली तेव्हा सासूबाईसुद्धा दारात आल्या. चालवायला सून बसली, शेजारी अण्णा. चढ आला. एरवी इथे अण्णा नकळत पुढे वाकायचे, जणू त्यांच्या वाकण्यानेच गाडीला मदत होणार. आज वाकावं लागलं नाही. पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि गाडीने चढ असा घेतला की अण्णांनी खिडकीची कड घट्ट धरली.

"अगं, हळू! माझी कवळी मागच्या सीटवर जाईल!"

दोघंही पोट धरून हसली. वरच्या वळणावर शिट्टीची किंकाळी झाली. मग काहीतरी घासल्याचा आवाज आला, आणि बॉनेटखालून निळा धूर. अण्णांनी हात लांब करून किल्ली फिरवली. गाडी थांबली.

घरी ढकलत आणलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं तर सगळीकडे तेल. नळी काढली आणि अण्णांनी भिंगरीला बोट लावलं. दांडी लटलट हलत होती. "आतून गेलेला टर्बो दिला मला," ते म्हणाले. "आतूनच तेल ओकत होता हा." आणि शेठला फोन लावायला ते वळले.

सून तेव्हा तेलाच्या नळीचा बोल्ट काढत होती. पाना लावायच्या आधी तिची बोटं त्यावर पडली, आणि तो बोटांनीच फिरला. पिवळी तीट गोल गोल फिरली.

तेल आतून आलं नव्हतं. इथून आलं होतं. दांडी कोरडी पडली ती त्यानंतर.

तिच्या हातात बोल्ट होता आणि मागे अण्णा फोनवर बोलत होते. "तुझी बोटं मेली रे आता. नाही, ऐक माझं. तुला हातात काय आहे ते कळत नाही आता. घरी बस तू." अण्णांचा आवाज चढला की कवळी किंचित सुटायची आणि स चा श व्हायचा. एरवी तिला हसू यायचं.

आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. पण चढावर आत्ताच लोकांनी अण्णांची फजिती बघितली होती, आणि तिने बोल्ट बाकीच्या बोल्टांबरोबर डब्यात टाकला. इतकंच केलं. खोटं काही बोलली नाही. पण डब्याचं झाकण लावताना आपल्याला घाई झाली होती, हे तिचं तिला कळलं.

त्यानंतर तिला कामावर धड काही करता येईना. एका कवळीचा चावा, म्हणजे वरचे दात खालच्यांवर नीट बसतात का ते, पुन्हा पुन्हा तपासला तरी तिचं समाधान होईना. अण्णा मात्र तिच्यावर भलतीच माया करत होते. "तुझे बिचारीचे एवढे कष्ट वाया गेले त्याच्यामुळे," असं म्हणून तिला स्वतः चहा आणून देत.

मग एका सकाळी भंगारशेठ स्वतःच आला. पोत्यात गुंडाळलेला दुसरा टर्बो त्याने पायरीवर ठेवला आणि आत आला नाही.

"हा घे, मेस्त्री. पैशाचं बोलू नकोस. फक्त तूच तपासून घे. मी बोट लावलेलं नाही."

अण्णा तोंड फिरवून म्हणाले, "का?"

"तू म्हणालास ते खरं असेल. मी रात्रंदिवस तेच आठवतोय. त्या टर्बोत मला लटपट लागली नव्हती रे. अजिबात नव्हती लागली." त्याने आपलाच अंगठा तर्जनीवर घासला, तिथली कातडी जिवंत आहे का ते बघावं तसा. "मग म्हटलं, आता इंजिनं विकायची नाहीत. कुणाला फसवल्यासारखं होईल. दुपारी ट्रक येतोय, सगळी तोडून वजनावर देऊन टाकतो. वजनाला बोट लागत नाही."

सून दारात उभी होती. ती आत गेली, डबा घेऊन आली, आणि त्यातून तो बोल्ट शोधून तिने पायरीवर, दोघांच्या मधे ठेवला.

"शेठकाका, तुमचं बोट बरोबर होतं. हा मी आवळलाच नव्हता."

"तीट आहे की त्याला," अण्णा म्हणाले.

"आधी लावली होती. पॉलिश आळत होतं म्हणून. सगळ्यांना आधी लावली, आणि हा राहून गेला."

अण्णांनी बोल्ट उचलला.

"हे कळलं कधी तुला?"

"काढताना. बोटांनी फिरला."

"मी तेव्हा..."

"तुम्ही फोनवर होता. मी मागेच उभी होते."

अण्णा खाली पायरीवर बसले. शेठकडे न बघता म्हणाले, "मी तुला काय काय बोललो."

"बोललास. चोर म्हणाला असतास तर परवडलं असतं. भंगारवाल्याला त्याची सवय असते."

मग शेठने डोळे मिटून पोत्यातल्या टर्बोच्या भिंगरीला बोट लावलं, हळूच हलवलं. दोघंही त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "हा चांगला आहे," तो म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला आणि ट्रकवाल्याला सांगितलं की आज येऊ नकोस. सुनेने मान खाली घातली.

"काका, मला..."

"पोरी, तुझी चूक बोल्टाएवढीच होती," शेठ म्हणाला. "डब्यात ठेवून वाढवलीस. चहा टाक आता. आणि माझ्या मेस्त्रीला अर्धाच दे, बोलून बोलून घसा बसला असेल त्याचा."

दुसऱ्या दिवशी सासऱ्या-सुनेने नवा टर्बो बसवायला घेतला. अण्णा तिच्यावर रागावले नाहीत. तिने तेलाच्या नळीचा बोल्ट हाताने बसवला, पान्याने आवळला, पुन्हा एकदा आवळला, आणि मग त्यावर पिवळी तीट लावली. अण्णा बघत होते. पॉलिश वाळेपर्यंत ते थांबले. मग वाकले, आणि तीट लावलेल्या त्या बोल्टावर त्यांनी आपला पाना ठेवला.

बोल्ट हलला नाही. अण्णांनी पाना काढला आणि पुढच्या बोल्टाकडे नेला. त्यालाही तीट होती.

सुनेने हातातला दिवा थोडा वर धरला, त्यांना नीट दिसावं म्हणून.