उघडा तळहात

बायनाबाईच्या हाताला गुण होता. एटापल्लीच्या पलीकडच्या त्या गावात कुणाची कंबर धरली, पाय मुरगळला की माणसं तिच्याच अंगणात येत. मोहाच्या बियांचं तेल कोमट करून ती चोळायची आणि बदल्यात तांदळाचा दाणाही घ्यायची नाही. मागितलं की गुण जातो, असं तिच्या आईनं तिला आणि तिनं आपल्या लेकीला, रंजीताला सांगितलं होतं. तिच्यामागे हे काम लेकच करणार, हे गावानंही धरून ठेवलं होतं.

दोन-तीन वर्षं कमवून परत यायचं म्हणून रंजीता चंद्रपूरला गेली, ती ‘बॉडी मसाज फक्त ४९९’ अशी पाटी लावलेल्या दुकानात. मालक प्रफुल्लभाऊ बोलायला गोड, पण पगाराचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. गिऱ्हाईक टीप देतं तोच पगार, असं त्यानं सांगून टाकलं. आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक! चारशे नव्व्याण्णवात त्यांना एसी हवा, गाणी हवीत, बाई हसतमुख हवी, आणि टिपेची वेळ आली की पाकीट नेमकं गाडीत राहिलेलं. काहींचं पाकीट झटकन निघायचं, पण त्यांना भलतंच हवं असायचं. अशांना ती दार दाखवायची आणि ते फोनवर तिला एकच तारा देऊन जायचे.

दोन महिने तिनं कुणापुढे हात पसरला नाही. बाकीच्या मुली तिला येडी म्हणायच्या. ती एका वेळच्या जेवणावर आली, तेव्हा प्रफुल्लभाऊनं तिला समोर उभं करून शिकवलं. हात पुसायचे, हसायचं, ‘आराम वाटला ना?’ म्हणायचं आणि उजवा हात उघडा धरायचा. पहिल्यांदा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दिवसातून आठ-आठ वेळा करून काहीच वाटेनासं झालं.

उन्हाळ्यात निरोप आला. मोहफुलं वेचताना बायनाबाई पडली, कंबर धरली. रंजीता खनिजाच्या ट्रकांमागची धूळ खात घरी पोचली, आईला पालथं झोपवून चोळायला बसली. तासाभरात म्हातारीचं कण्हणं थांबलं. ती उठून बसली.

“तुह्या हातात माह्यापेक्षा गुण हाये, पोरी. आता मले काई घोर नाई.”

इतका आनंद रंजीताला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तिनं हात पुसले, हसली.

“आराम वाटला ना?”

आणि उजवा हात आईपुढे उघडा धरला.

आपण काय केलं हे तिला कळलं, ते आईची नजर त्या हातावर थांबल्यावर. बायनाबाई रागावली असती तरी बरं झालं असतं. तिनं पदराची गाठ सोडली, दहाची नोट काढली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

“घे. मांगतलं त द्याच लागते.”

संध्याकाळी शेजारचा सुकलू मुरगळलेला पाय घेऊन आला. रंजीता तेल गरम करायला उठली. बायनाबाईनं तिला बसायची खूण केली, आणि स्वतः भिंतीचा आधार घेत, कण्हत, त्याच्या पायाशी जाऊन बसली.