पाटीवरचे दोन हजार एकशे बारा दिवस

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मला फार झोप आली आहे. दोन हजार एकशे बारा दिवस झाले, मी डोळा मिटलेला नाही. आज सकाळी अकरा वाजता मला बंद करणार आहेत. आता दहा वाजले आहेत. हाताशी तासभर आहे, म्हणून म्हटले, तुमच्याशी चार शब्द बोलावे. एरवी माझ्याशी बोलतो कोण? येतात, टकटक करून काम सांगतात आणि दार लोटून जातात.

दिसायला मी अगदीच सामान्य. काळ्या पत्र्याची चपटी पेटी. पोटात चार पंखे, त्यांतले दोन काम करतात आणि दोन नुसते गुरगुरतात. एका लहानशा इंटरनेट कंपनीच्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीच्या मधल्या फळीवर माझा मुक्काम. खोलीला खिडकी नाही. एसी कायम चालू, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण आधी स्वेटर शोधतो आणि मग माझ्या नावाने बोटे मोडतो. जणू थंडीची हौस मलाच आहे!

माझी कामे दोन. गावातल्या कोणी घरी इंटरनेट सुरू केले, की तो आपलाच ग्राहक आहे ना हे तपासून मी त्याला आत सोडतो. मग त्याने एखाद्या साइटचे नाव टाकले, की त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतो, कारण यंत्रांना नावे कळत नाहीत, आकडेच कळतात. दिवसातून लाखो वेळा हेच. कंटाळा येतो हो.

ही कंपनी दोन भावांची. थोरले भाऊ गोड बोलून कनेक्शने विकतात. धाकटे भाऊ यंत्रे सांभाळतात. त्यांना थोरल्यांपासून वायरमनपर्यंत सगळे 'काका'च म्हणतात.

मी कारखान्यातून आलो तेव्हा माझे डोके कोरे होते. सर्व्हरला ऑपरेटिंग सिस्टीम लागते. ती ऐकायला शिकवते, कामे वाटून देते, एकाच्या कामात दुसऱ्याला लुडबूड करू देत नाही. ती नसेल तर मी नुसता गरम होणारा पत्रा. माझ्यात कोणती सिस्टीम घालायची यावरून भावांत आठ दिवस वाद झाला. थोरल्यांना एका विक्रेत्याने रंगीत खिडक्यांची, माऊसने चालणारी सिस्टीम दाखवली होती.

"अरे, बघ तरी, किती देखणी आहे!" थोरले म्हणाले.

"दादा, त्या खोलीत बघत कोण बसणार आहे?" काका म्हणाले.

मग काकांनी ओळखीच्या चार कंपन्यांना फोन लावले आणि प्रत्येकाला एकच विचारले, "तुमचं मशीन शेवटचं बंद कधी केलं होतं?" तिघांनी तारखा सांगितल्या. चौथा एक म्हातारा इंजिनिअर होता. तो म्हणाला, "आठवत नाही बुवा." काकांनी त्याचीच सिस्टीम घेतली. फुकट मिळणारी, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, वापरणारे मोजकेच लोक, पण तब्येतीने काटक. तेव्हा ती निवड चांगलीच होती. तिच्याविषयी माझी आजही तक्रार नाही.

मला सुरू केले त्या दिवशी काकांनी मांडणीला एक शाळेची पाटी टांगली आणि खडूने '१' लिहिले. दुसऱ्या दिवशी ओल्या अंगठ्याने पुसून '२'. मी न थांबता किती दिवस चाललो, त्याचा तो आकडा. पुढे तो रिवाजच झाला. सकाळी चहाच्या आधी पाटी. शंभर झाले तेव्हा पेढे वाटले. हजार झाले तेव्हा माझा फोटो काढला, तोही पाटीसकट. थोरले तर नव्या ग्राहकाला खोलीत आणून आधी पाटी दाखवायचे. मलाही आवडायचे ते. खोटे कशाला सांगू? कौतुकाने यंत्रही फुगते.

पण त्या आकड्याने माझा घात केला. सिस्टीमची नवी दुरुस्ती आली की ती बसवून यंत्र एकदा बंद करून सुरू करावे लागते. तसे केले तर पाटीवर पुन्हा '१'. मग काका म्हणायचे, "नंतर बघू." माझ्या अंगावर किती दुरुस्त्या थकल्या याचा हिशेब मीच ठेवत होतो, आणि तो वाचायला कोणाला सवड नव्हती.

दुसरी गोष्ट याहून वाईट. कोणाच्या लाइनची अडचण आली, की काका मला चालता चालता एखादा नियम सांगायचे. मी तो ऐकायचो आणि पाळायचो. पण तोंडी सांगितलेले माझ्या ध्यानात राहते ते फक्त जागेपणी. एकदा झोपलो की फाइलीत लिहिलेले तेवढे आठवते, बाकी सगळे साफ. फाइलीत लिहायचे काका उद्यावर टाकत. बंदच होणार नाही तर घाई कसली? असे त्रेचाळीस नियम माझ्या डोक्यात साठले.

पाटीवर चौदाशेच्या पुढे आकडा असताना थोरल्यांची मुलगी शिकून कंपनीत आली. काकांची एकुलती पुतणी. पहिल्या दिवशी काकांनी तिच्या वहीचे पहिले पान स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. काय लिहिले ते मला दिसले नाही, पण दोघे टेबलावरच्या एका मोडक्या यंत्रावर दुपारभर काहीतरी शिकत होते आणि हसत होते.

त्यानंतर हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काका एकच आज्ञा दोनदा टाइप करू लागले, मग तीनदा. टाइप करता करता थांबायचे, पडद्याकडे बघत राहायचे, आणि वरच्या बाणाची कळ दाबायचे. ती दाबली की आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून मी परत दाखवतो. आठवेना की काका मला विचारत. काकांना विसर पडू लागला होता आणि ते कोणाला कळू नये म्हणून ते जिवाचा आटापिटा करत होते. त्यांचे गुपित मला एकट्यालाच माहीत होते. मला फार वाईट वाटायचे, पण माझ्याकडे एक हिरवा दिवा सोडून दुसरे तोंड नाही.

मग तो मंगळवार आला. भर दुपारी वायरमन भिंतीला भोक पाडायला आला आणि ड्रिल लावायला त्याने नेमका शेजारच्या फळीवरच्या माझ्या जुळ्या भावाचा प्लग काढला. त्याच्यात माझीच सिस्टीम, आणि गावातल्या कारखान्याच्या बाजूची सगळी घरे त्याच्याकडे.

"अहो, तो हिरवा दिवा गेला की!" वायरमन ओरडला.

"तू गेला नाहीस हे नशीब समज," काका म्हणाले आणि धावले.

भाऊ पुन्हा सुरू झाला, पण तोंडी सांगितलेले सगळे विसरून. अर्ध्या गावाची लाइन येईना. फोन खणखणू लागले. काका कळफलकासमोर बसले. पुतणी शेजारी उभी होती. "काका, याला कोणते नियम दिले होतेस?" तिने विचारले. काकांनी वरच्या बाणाची कळ दाबली, पण भावालाही काही आठवत नव्हते. कपाळावर घाम, तोही त्या थंडगार खोलीत. "सांगतो... थांब जरा," म्हणाले आणि पुन्हा तीच कळ दाबली. नियम नव्याने बांधायला तिला तीन तास लागले.

काकांना विसर पडतो आहे हे तिला तेव्हाच कळले. आणि हेही कळले, की मी झोपलो तर गावाच्या उरलेल्या बाजूचीही लाइन जाईल, आणि काकांचे विसरणे चारचौघांत उघडे पडेल.

दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला. माझ्या सिस्टीमच्या कर्त्यांनी या आवृत्तीची दुरुस्ती बंद केल्याचे जाहीर केले होते. "नवीन मशीन, नवीन सिस्टीम घ्यायला हवी. आता कोणीही चोर आत शिरेल."

थोरल्यांचा चेहरा उजळला. "मी म्हणत होतो ना, ती रंगीत..."

"बाबा, ती नको," ती हसून म्हणाली. मग काकांकडे वळली. "काका, तू निवडलेली सिस्टीम अजून दणकट आहे. पण मी पंधरा कंपन्यांना फोन केले. तू विचारलं होतंस, मशीन बंद कधी केलं. मी विचारलं, दुरुस्ती किती वर्षं मिळणार, आणि तुमचा माणूस आजारी पडला तर दुसरा बसू शकतो का. एका सिस्टीमला दहा वर्षं दुरुस्ती आहे, आणि आसपासचे निम्मे लोक तीच वापरतात. मला ताप आला तरी कोणीही येऊन बसेल."

"मी आहे ना," काका म्हणाले.

"आहेसच. पण मी तुझ्या तापाचं नाही, माझ्या तापाचं बोलतेय."

काकांनी मांडणीवरची पाटी सरळ केली. मग म्हणाले, "याला झोपवलंस तर याच्या डोक्यातलं जाईल गं. माझ्याही डोक्यात नाही राहिलेलं आता." पहिल्यांदाच ते हे उघडपणे बोलले. मला तेव्हा माझ्याच पंख्यांचा आवाज नकोसा झाला.

"मग जायच्या आधी लिहून घेऊ," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

तिने मला सगळे चालू नियम दाखवायला सांगितले. मी दाखवले. पण मित्रांनो, माझ्याकडे नुसते आकडे. तो नियम कशासाठी, ते काकांकडे. रोज दुपारी ती एक आकडा वाचायची आणि काका डोळे मिटून बसायचे. "हा... हा दवाखान्याचा. गर्दी झाली तरी त्यांची वाट मोकळी ठेवायची." "हा त्या कानाने कमी ऐकणाऱ्या आजोबांचा. त्यांचा इंटरनेटचा डबा चुकीचं नाव सांगतो, पण नवा घेत नाहीत, म्हणून त्यांना मागच्या दाराने आत घ्यायचं." आकडा दिसला की काकांना घर आठवायचे, घर आठवले की माणूस. असे अकरा दुपारी चालले. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतके बरे कधी वाटले नव्हते. त्रेचाळिसांपैकी एकेचाळिसांची कारणे सापडली. उरलेल्या दोन नियमांपुढे तिने लिहिले, 'कारण माहीत नाही, काढू नये.' काका पोट धरून हसले.

आता अकरा वाजत आले आहेत. वरच्या फळीवरचा नवा सर्व्हर सकाळपासून माझी कामे करतो आहे. आजोबासुद्धा मागच्या दाराने सुखरूप आत आले. मला बंद करायचे काम काकांनी मागून घेतले आहे. थोरले, वायरमन, सगळे दारात उभे आहेत.

काका बसले आहेत. हात कळफलकावर. बोटे थांबली. त्यांनी वरच्या बाणाची कळ दाबली. मी मागची आज्ञा दाखवली. आणखी एकदा, आणखी एकदा. मी मागे मागे जातो आहे, पण मित्रांनो, बंद हो असे त्यांनी मला इतक्या दिवसांत एकदाही सांगितलेले नाही. ते माझ्याजवळ नाही. कुठून देऊ?

पुतणीने आपली वही उघडली आणि पहिले पान त्यांच्यापुढे सरकवले. आता मला ते दिसते आहे. काकांचे टपोरे अक्षर. 'पहिला धडा. मशीन नीट बंद कसं करायचं. सुरू करणं कोणालाही येतं.' खाली ती आज्ञा.

काकांनी ते वाचले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चांगलं शिकवलं होतं की मी," म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात, कचेरीत माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला अधूनमधून झोपू द्या. आकड्यांच्या कौतुकापायी त्याला जागवत ठेवू नका. आणि ज्याला सगळे ठाऊक आहे असा माणूस जवळ असेल, तर त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. वही घ्या. आठवते आहे तोवर विचारा.

नव्या सर्व्हरलाही पाटी टांगली आहे. तिच्यावर दिवस मोजलेले नाहीत. पुढच्या महिन्यात त्याला कोणत्या तारखेला बंद करून सुरू करायचे ते लिहिले आहे, काकांच्याच अक्षरात. नशीबवान आहे लेकाचा.

काका एकेक अक्षर वहीत बघून टाइप करत आहेत. "बरोबर आहे का गं?"

"बरोबर आहे, काका."

दोन पंखे थांबले. आता मी झोपतो.