सारखंच

“आता चांगलं दिसतं, की आता?” माझ्या धाकट्या भावाने काच बदलत विचारलं.

“सारखंच,” टकळी म्हणाली.

टकळी म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. लहानपणी तिच्या तोंडाला विश्रांती नसे, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता ती दहावीत होती आणि तिचं नुसतं नावच टकळी राहिलं होतं. शाळेतून बाईंचा फोन आला होता, ही फळ्यावरचं काही उतरवून घेत नाही, एकदा डोळे तपासून घ्या. चष्म्याचं दुकान घरचंच. म्हणून दुपारी तिला आणून उंच खुर्चीवर बसवलं होतं. नाकावर तपासणीची जड फ्रेम, एका डोळ्यापुढे काळी चकती आणि दुसऱ्यापुढे एकेक काच.

दुकान आम्हा भावाबहिणींचं. नंबर तो काढतो, गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं, कारण चार वाक्यं बोलायची म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. जन्मभर त्याने लोकांना हा एकच प्रश्न विचारला. आणि आमच्या धंद्यात ‘सारखंच’ हे सगळ्यात गोड उत्तर. दोन काचांमध्ये फरक वाटेनासा झाला की नंबर सापडला, पुढचं गिऱ्हाईक बसवा.

घरीही त्याचे कान त्याच उत्तराला सोकावलेले. विज्ञान घेतेस की वाणिज्य? सारखंच. मामाकडे जातेस की घरी राहतेस? सारखंच. भाऊ मला म्हणायचा, “ताई, किती समंजस झालीय बघ, कसला हट्ट म्हणून नाही.” सुट्टीच्या दिवशी ती दुपारपर्यंत अंथरुणात असायची, केस धुवायचा कंटाळा करायची, ताटातलं अर्धं ताटातच राहायचं. वहिनी म्हणायची, वयच तसं आहे. मीही मान डोलवायची. एकदा तिने आपणहून कपाट रिकामं केलं आणि चित्रांचं सगळं सामान वाटून टाकलं, त्याचं तर केवढं कौतुक झालं. तिचे ब्रश माझ्या वाट्याला आले. फ्रेमच्या खाचेतली धूळ काढायला ते फार छान. त्या दुपारीही त्यांतलाच एक माझ्या हातात होता.

भावाने एक जाडजूड काच घातली. त्या काचेतून समोरची अक्षरं म्हणजे नुसतं धुकं.

“आता?”

“सारखंच.”

तो थांबला. मग त्याने पेटीतून दुसरी काळी चकती काढली आणि तिच्या उघड्या डोळ्यापुढे बसवली. आता दोन्ही डोळे झाकलेले.

“आणि आता?”

“सारखंच.”

मला वाटलं, बापाची फिरकी घेतेय. मी हसून म्हटलंही, “अगं, उजेड तरी दिसतोय का तुला?” माझं हसणं तिथेच विरलं. ती त्या चकत्यांमागे तशीच बसली होती, हात मांडीवर, फोटोसाठी बसवल्यासारखी. तिच्यापुढे अंधार होता, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं.

भावाने फ्रेम हलकेच काढली. मला शटर अर्धं ओढायला सांगितलं. दिवसाढवळ्या आमचं शटर कधी खाली आलेलं नाही. तो तिच्यापुढे छोट्या स्टुलावर बसला. शाळेत कोणी त्रास देतं का, आम्ही काही बोललो का, एकेक विचारत गेला. ती प्रत्येकाला नाही म्हणत गेली.

“मग काय होतंय, बाळा?”

“काहीच होत नाही. तेच तर. मला काहीच होत नाही.”

“मरावंसं वाटतं का तुला?”

असं अभद्र कोणी पोटच्या पोरीला विचारतं का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

ती म्हणाली, “मरावंसं असं नाही. सकाळी जाग आली नाही तर बरं, असं.”

“कधीमधी?”

“सारखंच.”

तो ओरडला नाही, शपथा घातल्या नाहीत, काय कमी केलं तुला असंही म्हणाला नाही. तिचा हात धरून म्हणाला, “बरं झालं सांगितलंस.” मग तसाच हात धरून त्याने डॉक्टरांना फोन लावला. मी पाठ फिरवून रडून घेतलं.

मनाच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटल्यावर घरी वहिनी ऐकेना. पोरगी काय वेडी आहे का, चार दिवस हवापालट केला की येईल ताळ्यावर. आमचा मुखदुर्बळ भाऊ आयुष्यात पहिल्यांदा बायकोला उलट बोलला. म्हणाला, “नंबर लागला की आपण चष्मा देतो. डोळे ताणून बघ म्हणत नाही.” दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वहिनीच सगळ्यांत पुढे चालत होती.

डॉक्टर टकळीशी एकटीशी बोलल्या, मग आमच्याशी. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला जायचं ठरलं. घरातली सगळी औषधं कुलपात गेली आणि किल्ली माझ्या कमरेला आली. तिला एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसायची. भाऊ काम करायचा, ती भिंतीकडे बघायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच फरक दिसणार नाही. नाहीच दिसला. खरं सांगते, मला तिचा राग यायचा. सगळं घर हातांवर झेलतंय आणि बाईसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मग त्या रागाचीच लाज वाटायची. ब्रश मी स्वच्छ धुऊन काउंटरवर एका पेल्यात ठेवलेत. तिने अजून हात लावलेला नाही.

परवा दुपारी भावाने तिला पुन्हा उंच खुर्चीवर बसवलं. त्या दिवशीची तपासणी राहूनच गेली होती. माझ्यापुढे एक गृहस्थ चष्म्याची तुटकी काडी घेऊन घाईत उभे होते.

“आता चांगलं दिसतं, की आता?”

भाऊ काच हातात धरून उभा. ‘सारखंच’ येणार म्हणून मी आधीच खाली बघितलं.

“कळलं नाही,” टकळी म्हणाली. “परत दाखव.”

त्याने परत दाखवलं. तिने डोळा बारीक केला, मान थोडी पुढे काढली.

“अजून एकदा.”

त्याने अजून एकदा दाखवलं. गृहस्थांनी मला विचारलं, अजून किती वेळ. मी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली.

“बसा,” म्हटलं, “वेळ लागेल.”