‘नॉट’शिवाय ॲक्सीड

आम्ही दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडलं आणि शहराच्या टोकाला, द्वारकेत चौथ्या मजल्यावर राहायला आलो. पण ते का सोडलं हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय, त्यामुळे इथे आधीपासून सांगतो.

बाबा क्वार्टर्स वाटणाऱ्या कार्यालयात सेक्शन ऑफिसर. तीस वर्षं ते इंग्रजीत एकच वाक्य लिहीत आले: आपली विनंती ‘ॲक्सीड’ करता येत नाही. मी एकदा त्या शब्दाचा अर्थ विचारला.

"मान्य करणे. म्हणजे वरच्याने, दमल्यावर."

"मग नुसतं ॲक्सीड कधी लिहिलंत?"

"‘नॉट’शिवाय तो शब्द उघडा दिसतो रे, मानस."

शहाण्णवच्या एकतीस मे रोजी ते रिटायर होणार होते. सोसायटीच्या फ्लॅटची किल्ली मिळाली होती, पाणी मिळायचं होतं. ब्रोशरमध्ये मात्र कारंजं होतं. आईने मागे लागून अर्ज करायला लावला: नळ येईपर्यंत क्वार्टर आणखी दोन महिने राहू द्यावं.

शेवटच्या दिवशी बाबांच्या गळ्यात हार, माझ्या हातात त्यांना भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. तेवढ्यात त्यांचा क्लार्क हरीश फाईल घेऊन आला.

"सर, ये आपकी वाली है. आज ही निपटा दीजिए, कल से नए साहब बैठेंगे."

बाबांनी स्वतःचा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. हार बाजूला सारला. आणि ‘नॉट’सकट ते वाक्य लिहून खाली सही केली.

"अहो, नाव तरी वाचलंत का?" घरी आईने विचारलं.

"वाचलं. कारण सबळ नव्हतं. आज एकाला दिलं तर उद्या सगळेच पाणी मागतील."

आई उठली आणि भांडी बांधायला लागली.

आता टँकरचा हॉर्न वाजला की बाबा दोन बादल्या घेऊन उतरतात. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट यायचीय. चढताना ते तिसऱ्या मजल्यावर बसतात. काल बसले ते उठेचनात. माझ्याकडून कागद-पेन मागवलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं, आणि म्हणाले, "टाइप करून आण. आधी आईला मराठीत वाचून दाखव."

मी वाचलं:

"खाली सही करणाऱ्याने एकतीस मे रोजी स्वतःच्याच अर्जावर दिलेला शेरा बादली न उचलता दिला होता, असे आता निदर्शनास आले आहे. तरी तो शेरा मागे घेण्यापुरते त्यास एक दिवस, बिनपगारी, पुन्हा सेवेत घ्यावे, ही नम्र विनंती."