चौथा गिअर

किल्लीला दातेच नव्हते. साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा एक काळा, गुळगुळीत तुकडा—तो बाईंच्या हातात देत शोरूममधला विक्रेता अदबीने म्हणाला, "मॅडम, ही नुसती जवळ ठेवायची. गाडी आपल्या माणसाला ओळखते."

ओळखते म्हणे! बाईंना हसू आलं, आणि आलं याचा रागही आला. वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या बाईने असल्या बोलण्याला भुलायचं म्हणजे... "छोट्या गाडीच्या किमतीत मोठ्या गाडीचा रुबाब," त्याचं चालूच होतं. पुढची रुंद जाळी, चाकांवर फुगवलेला पत्रा—सगळा देखावा, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी हात त्या पत्र्यावरून दोनदा फिरला. सोफ्यावर बसलेल्या यजमानांचं आधीच ठरलं होतं: स्कूलमध्ये आहे तशीच साधी पांढरी गाडी, पार्ट कुठेही मिळतात.

"चालवून ये हवं तर," ते म्हणाले, "पण भुलू नकोस."

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

विक्रेता शेजारी बसला. शेजारची ती जागा खरं तर बाईंची—पायाशी जादा ब्रेक, पोटरीत दुसऱ्यांची भीती, आणि तोंडात हळू... हळू... आरसा बघ... 'हळू' हा शब्द इतका अंगवळणी पडला होता की उतू जाणाऱ्या दुधालाही त्या हळू म्हणत. शिकाऊ लोक तिसऱ्या गिअरपर्यंत त्यांचे. लायसन्स मिळालं की चौथा टाकून निघून जायचे, आणि बाई उद्याच्या नवशिक्याची वाट बघत तिथेच.

शहराबाहेरचा मोकळा रस्ता लागला. त्यांनी चौथा टाकला. पाय जरा दाबला—आणि गाडीने कुरकुर न करता, अगदी पोटातून उचल घेतली. पुढचा ट्रक बघता बघता मागे पडला. हा देखावा नव्हता... दादाने गोदामामागच्या मैदानात डिलिव्हरीची व्हॅन शिकवली तेव्हा तो टपावर थापा मारत ओरडायचा, दाब गं, घाबरतेस काय! आणि ती एकोणीस वर्षांची पोर खिदळत दाबायची. कुठे उतरली ती? कोणत्या वळणावर? उतरताना कुणाला काही बोलली तरी का?

"मॅडम, इथून वळायचं असतं..." विक्रेत्याचा पाय गाडीच्या तळात रुतला होता. वळण निघून गेलं. बाईंनी मुद्दाम चुकवलं नव्हतं. पण चुकल्याचं वाईटही वाटलं नाही. पुढच्या वळणावरून त्या परतल्या.

"कशी वाटली?" यजमानांनी विचारलं.

"स्टिअरिंग जड आहे जरा."

पिसासारखं हलकं होतं ते. विक्रेता चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

"मी म्हटलंच होतं," यजमान सुटल्यासारखे म्हणाले आणि पांढऱ्या गाडीच्या टेबलाकडे निघाले.

का खोटं बोलले मी? आवडली म्हटलं असतं तर ते नाही म्हणाले नसते—थोडं कुरकुरले असते, मग 'घे' म्हणाले असते. त्यांच्या नकाराची कधी धास्ती नव्हतीच... त्यांनी 'घे' म्हटलं असतं, तर मग? मग तिसऱ्यातच थांबायला कुठली सबब उरली असती?

"येतेस ना?" त्यांनी वळून विचारलं.

"आले," बाई म्हणाल्या, आणि बसूनच राहिल्या. दोन्ही पोटऱ्या थरथरत होत्या, आणि ती थरथर इतक्यात थांबू नये, असं त्यांना वाटत होतं.