मधलं पान

मी एक जुनं पान आहे, मित्रांनो. भविष्य सांगायच्या छत्तीस पानांतलं अकरावं. माझ्यावर बर्च झाडाच्या छड्यांची जुडी आहे, तिला लाल फीत बांधलेली, आणि शेजारी एक चाबूक. माझा अर्थ भांडण. हृदयाचं पान निघालं की माणसं हसतात, शवपेटीचं निघालं की गप्प होतात. मी निघालो की ती आधी एकमेकांकडे बघतात.

माझा जन्म छापखान्यातला. जाड कागदावर रंग चढले, कोपरे गोल कापले गेले आणि आम्ही छत्तीस जण एका डबीत बसलो. जत्रेत मिल्डा उलिग या बाईंनी आम्हाला विकत घेतलं आणि जर्मनीत, सॅक्सनीच्या डोंगरातल्या आपल्या गावी नेलं. त्या गावात घरोघर लाकडी खेळणी होतात. मिल्डाबाईंचे यजमान लाकूड कातणारे कातारी होते. ते गेल्यावर मुलगा लोटार त्यांच्या लेथवर बसला.

दर रविवारी कॉफीनंतर बायका मिल्डाबाईंच्या स्वयंपाकघरात येत. टेबलावर आधी दोन पानं मांडली जात, पुरुष आणि बाई, मध्ये वीतभर जागा सोडून. मग मिल्डाबाई गठ्ठ्यातून एक पान ओढत आणि त्या जागेत ठेवत. त्या दोघांच्या मध्ये काय आहे, ते हे पान सांगायचं.

ते माझे चांगले दिवस होते. एकदा बेकरीवाल्या नवराबायकोच्या मध्ये मी निघालो. बायको तिथल्या तिथे उसळली, "निघालंच शेवटी! तुमच्या बहिणीचं नाव घ्या आता!" नवराही ओरडला. अर्धा तास दोघं भांडली, मग रडली आणि हातात हात घालून घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने प्लमचा केक पाठवला, 'छडीवाल्या पानासाठी' असं सांगून. केक मिल्डाबाईंनी खाल्ला, पण मान माझा होता.

पुढे लोटारचा साखरपुडा झाला. मुलगी आनेरोझ. लाकडी बाहुल्यांचे डोळे रंगवायची, चार केसांच्या ब्रशने. लग्नानंतर दोघं खालच्या शहरात राहायला जाणार होती. मिल्डाबाईंना तेच नको होतं.

"डोळे छान काढते म्हणे," त्या शेजारणीला म्हणाल्या. "तिचे स्वतःचे काढताना देवाचा हात हलला वाटतं."

एका रविवारी चर्चला जाण्याआधी त्यांनी मला गठ्ठ्यातून बाहेर काढलं आणि अंगठ्याच्या नखाने माझा डावा कोपरा चिरला. अगदी थोडासा. न बघता मी हाताला सापडावा, एवढाच.

त्या दुपारी लोटार आणि आनेरोझच्या मध्ये मी निघालो.

"छडी," मिल्डाबाई म्हणाल्या. "माझ्या हातात काय आहे, पोरी? जे निघतं ते निघतं."

दुसऱ्या रविवारी आनेरोझ हसून म्हणाली, "मिल्डाकाकू, आज मी पिसते हं." तिने पिसलं. पिसता पिसता तिची बोटं क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली. मिल्डाबाईंनी पान ओढलं. मीच.

नंतर पानं लोटारने गोळा केली. लाकडावरचा केसाएवढा उंचवटा ज्याला अंगठ्याने कळतो, तो हा माणूस. त्याचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर थांबला. त्याने आईकडे पाहिलं. आई केक कापत होती.

"लोटार, केकवर साय घे."

त्याने साय घेतली.

तिसऱ्या रविवारी पुन्हा मीच. आनेरोझने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"लोटार, तुला काय वाटतं?"

"पान तर तेच निघालंय," तो म्हणाला.

तिने अंगठी काढून बशीत ठेवली, कोट घातला आणि गेली. मिल्डाबाईंनी बशी धुतली. "सुटलास," त्या म्हणाल्या.

त्यानंतर अकरा वर्षं मी खणात पडून होतो. काम झालं होतं, आता मला कोण विचारणार? ओल लागून माझी फीत तपकिरी झाली.

मग मिल्डाबाईंचं उजवं अंग लुळं पडलं. वाचाही गेली. लोटार त्यांना आंघोळ घालायचा, घास बारीक करून भरवायचा. गाव म्हणायचं, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. रविवारी कॉफीनंतर शेजारीपाजारी घरी जात आणि लोटार खण उघडायचा. बाईचं पान आईसमोर ठेवायचा, गठ्ठ्यावर अंगठा फिरवायचा आणि मला ओढून तिच्याशेजारी मांडायचा.

"छडी, आई," तो अगदी मऊ आवाजात म्हणायचा. "माझ्या हातात काय आहे? जे निघतं ते निघतं."

त्या डोळे मिटून घेत. त्या उघडेपर्यंत तो बसून राही. एकदा त्यांनी डाव्या हाताने मला टेबलावरून ढकललं. त्याने मला उचललं, बाहीला पुसलं, परत जागेवर ठेवलं आणि मग आईला केक भरवला.

असं चार वर्षं चाललं. एकही रविवार चुकला नाही.

मिल्डाबाई गेल्या, तेव्हा दफनाला आनेरोझ आली. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. स्वयंपाकघरात लोटारने मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"कोपरा बघ. खूण होती ती. तिने आपल्याला फसवलं, आनेरोझ. पण मीही तिला सोडलं नाही. चार वर्षं तिला हेच पान दाखवलं."

तिने कोपरा पाहिला नाही.

"मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. पिसताना बोटाला लागलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझा अंगठा थांबलेला दिसला मला. म्हटलं, आता हा बोलेल. तिसऱ्या रविवारी मी तेवढ्यासाठी आले होते." तिने मला टेबलावर पालथं ठेवलं. "साय मात्र चांगली होती. मी बघत होते ना, किती आवडीने खाल्लीस."

ती गेली. आता रविवारी लोटार पुरुषाचं पान स्वतःसमोर मांडतो. माझा कोपरा झिजून गेला आहे, तरी त्याच्या अंगठ्याला मी लगेच सापडतो.

मित्रांनो, माझा अर्थ भांडण आहे. बेकरीवाली माणसं माझ्यापुढे भांडली आणि एकत्र घरी गेली. उलिगांच्या घरच्या माणसांमध्ये मी दोनशेहून अधिक वेळा निघालो, पण भांडण एकदाही झालं नाही. तेव्हा एवढंच मागतो. जुनी पानं कोरडी ठेवा, त्यांच्या कोपऱ्यांना नख लावू नका. आणि कुणी मला मुद्दाम तुमच्या मध्ये ठेवलं, तर माझ्याकडे बघत बसू नका. ठेवणाऱ्याच्या तोंडावर बोला, हातातली बशी खाली ठेवून. पुढच्या रविवारची वाट बघू नका.