पुकाऱ्याची काटकसर

काटकसरीचं परिपत्रक आलं तेव्हा कचेरीत पंखा होता, घंटा होती आणि पुकारेवाला होता. आधी पंखा गेला, मग घंटा गेली, आणि शेवटी पुकारेवाल्याचं पदच रद्द झालं.

अधीक्षकसाहेबांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. उलट कानाला जरा विश्रांती मिळाली. न्यायालयाच्या या कचेरीत रोज सकाळी व्हरांड्यात अर्जदारांचा पुकारा व्हायचा. एकेक नाव तीनदा. ओ देणारा न्यायाधीशांपुढे जायचा, आणि तीन हाकांना जो ओ देणार नाही त्याचा अर्ज निकाली निघायचा. पुकारेवाला गेला तरी हा नियम जागच्या जागी राहिला, कारण नियमाला पगार द्यावा लागत नाही.

मग व्हायचं तेच झालं. हाक कुणी मारली नाही, म्हणून आत कुणी आलं नाही. आत कुणी आलं नाही, म्हणून एकजात सगळ्या अर्जांवर 'तीनदा पुकारा, अर्जदार गैरहजर' असा शिक्का बसला. हे खोटं आहे असं कारकुनाला एकदा वाटून गेलं. पण जुना शिक्का तसाच होता आणि नवा करून घ्यायला मंजुरी नव्हती. त्यानं शाई लावली आणि ठोकला.

वर्षानुवर्षं तुंबलेली कपाटं भराभर रिकामी व्हायला लागली. वरून शाबासकीचं पत्र आलं. शेजारच्या कचेऱ्यांतले लोक 'तुम्ही नेमकं करता तरी काय?' म्हणून विचारायला येऊ लागले, तेव्हा अधीक्षक नुसतं हसून 'शिस्त' एवढंच म्हणत. बाहेरच्या बाकांवर मात्र माणसं मावेनाशी झाली होती. ती बिचारी नावाच्या हाकेची वाट बघत सकाळपासून बसायची. अर्ज कधीच मेलाय हे त्यांना सांगणार कोण? तेही काम पुकारेवाल्याचंच होतं.

त्याच बाकांवर, अगदी टोकाला, कापडी पिशवी मांडीवर घेऊन अधीक्षकांची थोरली बहीण बसत असे. आईच्या माघारी हिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आता ती एकटीच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती आणि घरमालक त्या रिकाम्या करून मागत होता. न्यायाधीशांनी मुदत दिली तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला बोचकी घेऊन रस्त्यावर.

"आक्का, कचेरीत मी तुझा भाऊ नाही हं," अधीक्षकांनी तिला आधीच बजावलं होतं. "सगळ्यांसारखी बस. तुझी पाळी आली की नाव पुकारतील."

"नाही तर नाही," आक्का म्हणाली होती. "घरी तरी आहेस ना?"

आणि ती शब्दाला इतकी पक्की, की भाऊ समोरून गेला तर छताकडे बघायची. अधीक्षकांना तिचं कौतुक वाटायचं, आणि स्वतःचं त्याहून जास्त.

संध्याकाळी फोनवर ती विचारायची, "आजही माझं नाव नाही आलं रे?"

"येईल गं. पद्धत असते एक. घाई करून चालत नाही."

पुकारेवाला नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि बहीण हाकेची वाट बघतेय हेही ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत होत्या, आणि अशा माणसांच्या डोक्यातले खण एकदम कधी उघडत नाहीत.

एके दिवशी काटकसर अधिकारी पाहणीला आले. हातात कोरी वही, डोळ्यांत समाधान. अधीक्षकांनी त्यांच्यासमोर शिक्का मारलेला ढीग ओढला आणि सह्यांचा सपाटा लावला. सही, पान उलट, सही, पान उलट. वाचायचं काय त्यात?

"वा!" अधिकारी म्हणाले. "असा झपाटा मी कुठे पाहिला नाही."

आणि पेनातली शाई संपली. कचेरीत सगळ्यांत मिळून एकच रिफिल होती, तीही नेमकी कारकुनाकडे. ती येईपर्यंत अधीक्षकांना काही उद्योग उरला नाही, म्हणून कितीतरी दिवसांनी त्यांनी समोरचा कागद वाचला. अर्जदाराचं नाव. पत्ता. मागणी: राहती जागा सोडण्यास मुदत मिळावी. खाली ती थरथरती सही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आईऐवजी हीच सही असायची.

कागदावर ती गैरहजर होती. दाराबाहेर, दहा पावलांवर, पिशवी घेऊन बसली होती.

"ही घ्या रिफिल," कारकून म्हणाला.

अधीक्षकांनी ती घेतली नाही. एक सही, आणि आक्का रस्त्यावर. आणि संध्याकाळी फोनवर पुन्हा 'येईल गं' म्हणायचं?

"काय झालं? थांबलात का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पुकारा राहिलाय, साहेब."

ते उठले, व्हरांड्यात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा बहिणीला तिच्या पूर्ण नावानं हाक मारली. पहिली हाक जवळच्या बाकापर्यंतही पोचली नाही. दुसऱ्यांदा निम्मा फुटला. तिसऱ्यांदा असा खणखणीत लागला की कोपऱ्यात डुलक्या घेणारा म्हातारा वकील दचकून उभा राहिला.

आक्का इकडेतिकडे बघत उठली. "आहे रे! कधीची बसलेय."

"माझंही घ्या हो नाव!" कुणीतरी ओरडलं. "माझंही!" बघता बघता सगळी बाकं उठून उभी राहिली. अधीक्षकांनी कारकुनाकडून ढीग मागवून घेतला आणि घसा बसेपर्यंत एकेक नाव पुकारलं. निकाली निघालेल्यांचीही पुकारली. त्या दिवशी कचेरीची सगळी कार्यक्षमता धुळीला मिळाली.

अधिकारी मात्र नाराज झाले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं: 'अधीक्षक पुकारा उत्तम करतात. एकाच माणसात दोन पदं भागतात. महागडं पद रद्द करावं.' पुढच्या महिन्यात तसा हुकूम आला. टेबल गेलं, खुर्ची गेली, पगार खाली आला, आणि साहेब व्हरांड्यात उभे राहिले.

आक्काला वर्षभराची मुदत मिळाली होती. पुकाऱ्याच्या पहिल्या दिवशी ती मुद्दाम आली आणि काही काम नसताना आपल्या जुन्या जागी बसली. या वेळी तिनं छताकडे बघितलं नाही.

"घसा जप," ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि पिशवीतून कोमट पाण्याची बाटली काढून भावाच्या हातात दिली.